उतारा सातवा : फ्लोरिडातली संत्र्याची बाग आणि चार प्रश्न

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी. आतापर्यंतच्या सहा उताऱ्यांत इतिहास, पर्यावरण आणि आरोग्य झालं. या आठवड्यात मुद्दाम गुंतवणुकीच्या कायद्यावरचा उतारा घेतला आहे. माझ्या अभ्यासिकेतली निम्मी मुलं असा विषय दिसला की पानच उलटतात. उरलेली निम्मी उत्तरं देतात, पण ती उतारा वाचून नाही, पेपरात वाचलेले घोटाळे आठवून. गुण दोघांचेही जातात, आणि दुसऱ्यांचे तर निगेटिव्हमध्ये जातात.

उतारा मी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४६ च्या एका निकालावरून लिहिला आहे. नियम नेहमीचेच. आधी पर्याय सांगा, मग उताऱ्यातली कोणती ओळ धरून तो निवडलात ते सांगा. बाहेरची माहिती सगळ्यांची उत्तरं आल्यावर.

*उतारा*

फ्लोरिडातील लेक काउंटीत हॉवी कंपनीच्या मालकीच्या मोठ्या फळबागा होत्या. कंपनी दरवर्षी सुमारे ५०० एकरांवर संत्रावर्गीय झाडे लावी. त्यातील निम्मे क्षेत्र स्वतःकडे ठेवी आणि निम्मे लोकांना विकायला काढी. ग्राहकापुढे दोन करार ठेवले जात : एक जमीनविक्रीचा आणि दुसरा, कंपनीच्याच भगिनी संस्थेशी, बागेच्या मशागतीचा. मशागत दुसऱ्या कोणाकडून करून घेण्याची मुभा होती. तरीही विकल्या गेलेल्या क्षेत्रापैकी ८५ टक्के क्षेत्र या भगिनी संस्थेकडेच आले. मशागतीचा करार साधारण १० वर्षांचा असे आणि तो रद्द करण्याची सोय ग्राहकाला नसे. जमीन अरुंद पट्ट्यांत विकली जाई. ४८ झाडांची एक ओळ म्हणजे एक एकर. पट्ट्यांना स्वतंत्र कुंपण नव्हते. कोणाचा पट्टा कोणता, हे नकाशावही उघडल्याशिवाय कळू नये अशा लहान खुणा तेवढ्या होत्या. संमतीशिवाय बागेत जाऊन आपले पीक विकण्याचा हक्क ग्राहकाला नव्हता. सर्वांची फळे एकत्र करून विकली जात आणि निव्वळ नफ्याचा वाटा ग्राहकाला मिळे. १९४१ ते १९४३ या काळातील ४२ ग्राहक बहुतांशी फ्लोरिडाबाहेरचे, व्यापार वा नोकरी-व्यवसाय करणारे होते. फळबागेचे ज्ञान वा अवजारे त्यांच्यापाशी नव्हती.

अमेरिकेच्या रोखे आयोगाने, म्हणजे रोख्यांच्या (शेअरसारख्या गुंतवणुकीच्या कागदांच्या) विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीवर दावा लावला : हे रोखे आहेत, आणि ते नोंदणीविना विकले जात आहेत. खालच्या दोन्ही न्यायालयांनी कंपनीचे म्हणणे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. लोक एका सामाईक उद्योगात पैसा घालतात आणि केवळ प्रवर्तकाच्या (योजना काढणाऱ्याच्या) किंवा अन्य कुणाच्या कष्टातून नफ्याची अपेक्षा धरतात, तेव्हा तो 'गुंतवणूक करार' होतो, असे न्यायालयाने म्हटले. उद्योग जोखमीचा आहे की नाही, विकलेल्या मालमत्तेला स्वतःची किंमत आहे की नाही, याने फरक पडत नाही. काही ग्राहकांनी मशागतीचा करार केला नाही यानेही फरक पडत नाही. कारण कायदा नोंदणीविना केलेल्या विक्रीइतकाच नोंदणीविना विक्रीसाठी पुढे करण्यालाही मज्जाव करतो.

*प्र. १.* हा व्यवहार 'गुंतवणूक करार' ठरला, त्याचे मुख्य कारण : (१) जमिनीचे तुकडे फार लहान होते (२) ग्राहक परराज्यातील होते (३) ग्राहकांनी सामाईक उद्योगात पैसा घालून नफा दुसऱ्याच्या कष्टातून अपेक्षिला (४) कंपनीने नफ्याविषयी खोटी माहिती दिली

*प्र. २.* विधाने तपासा. अ. जमिनीला स्वतःची किंमत असल्याने व्यवहार कायद्यातून सुटू शकला असता. ब. काही ग्राहकांनी मशागतीचा करार केला नव्हता. (१) केवळ अ बरोबर (२) केवळ ब बरोबर (३) दोन्ही बरोबर (४) दोन्ही चूक

*प्र. ३.* काही ग्राहकांनी मशागतीचा करार केला नव्हता, तरी कंपनी सुटली नाही, कारण : (१) असे ग्राहक नगण्य होते (२) त्यांना करार करायला भाग पाडले होते (३) नोंदणीविना विक्रीसाठी पुढे करणेही कायद्याला मंजूर नव्हते (४) त्यांची जमीनही कंपनीच्याच ताब्यात होती

*प्र. ४.* उताऱ्यावरून कोणते अनुमान काढता येईल? (१) शेतजमीन विकणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी करायला हवी (२) जमीन घेऊन स्वतः कसणाऱ्याचा व्यवहार या कसोटीत बसणार नाही (३) ग्राहकांची फसवणूक झाली (४) न्यायालयाने जमिनीची विक्रीखते रद्द केली

---

रानजाई | सोमवार, दुपारी १.३५

डब्याच्या सुट्टीत सोडवला. १-(४), २-(२), ३-(१), ४-(३).

पहिल्या प्रश्नाला कारण : एवढं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं म्हणजे काहीतरी खोटं सांगितलं असणारच ना. तिसऱ्याला : ८५ टक्के करारात होते, म्हणजे उरलेले नगण्यच.

---

तळ्यातमळ्यात | सोमवार, संध्याकाळी ६.०२

१-(३), २-(२), ३-(३), ४-(२).

रानजाई, पहिल्यात तुम्ही 'असणारच' म्हणालात. उतारा पुन्हा वाचून पाहा. 'खोटी', 'फसवणूक', 'नुकसान' यांपैकी एकही शब्द त्यात नाही. ग्राहकांना वाटा मिळत होता असंच लिहिलंय. दावा नोंदणी नव्हती यावरून आहे, लबाडीवरून नाही. मीही दोन वर्षांपूर्वी असल्या प्रश्नांत असाच अडकायचो. नियमनाचा उतारा आला की कोणीतरी चोर असणार हे मनात ठरवूनच वाचायला बसायचो.

---

रानजाई | सोमवार, रात्री ९.४८

आता पुन्हा वाचला. खरंच, फसवणूक कुठेच नाही. मग चौथ्यातला (३) पण गेला. पण मग एक कळत नाही. कोणी फसलं नाही, लोकांना पैसे मिळत होते, तर आयोगाने दावा लावलाच का?

---

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री १०.३०

फार चांगला प्रश्न, आणि या विषयाचं दार तिथेच उघडतं. १९३३ चा अमेरिकन रोखे कायदा आला तो १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर. त्याचा गाभा माहिती उघड करण्याचा आहे. पैसे घेण्याआधी नोंदणी करा, धंदा काय, हिशेब काय, धोका काय ते कागदावर मांडा. मग घेणाऱ्याने ठरवावं. फसवणूक होईपर्यंत थांबायचं नाही, हाच त्याचा हेतू. निकालात एक तपशील आहे जो मी लांबीसाठी गाळला. विक्रीच्या वेळी ग्राहकांना सांगितलं जायचं की १९४३-४४ च्या हंगामात नफा २० टक्के होता, आणि १० वर्षांच्या काळात वर्षाला १० टक्के धरून चाला. हे खोटं होतं असं न्यायालय म्हणत नाही. पण हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला बागेच्या हिरवाईकडे बघत हे ऐकायला मिळत असेल, तर त्याच्या हातात हिशेबाचा कागदही असायला हवा, एवढंच कायद्याचं म्हणणं. (हॉटेलही त्याच मालकांचं होतं. पाहुण्यांना आसपास फिरवताना बागा दाखवून त्या विकाऊ आहेत असं सांगितलं जाई, आणि ज्यांनी रस दाखवला त्यांच्यापुढे विक्रीचं बोलणं काढलं जाई.)

तिसऱ्या प्रश्नातला (१) का चूक ते कोणी सांगाल?

---

ओसरी | मंगळवार, सकाळी ६.५५

मी सांगते. 'नगण्य' हा शब्द आपण घातलेला आहे. उतारा उलट म्हणतो की अशा ग्राहकांनी 'फरक पडत नाही, कारण...' आणि 'कारण'च्या पुढे जे येतं तेच उत्तर. ते कमी होते म्हणून सोडून दिलं असं न्यायालयाने म्हटलंच नाही. निम्मे असते तरी उत्तर तेच राहिलं असतं.

मी दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. 'कारण', 'म्हणून', 'तरीही', 'मात्र' या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करायला लावते. या उताऱ्यात असे गोल केले तर तीन प्रश्नांची उत्तरं त्या गोलांच्या पुढेमागेच सापडतात. 'तरीही ८५ टक्के' हेही तसंच. मुभा असूनही लोक तिथेच गेले, यावरून ग्राहकाला खरं काय हवं होतं ते कळतं. त्याला झाडं नको होती, वाटा हवा होता.

---

कागदीघोडा | मंगळवार, दुपारी १२.२०

सगळ्यांची उत्तरं आली आहेत, तेव्हा बाहेरची माहिती जोडतो. कर आणि कंपनी कायद्याचं काम करतो, त्यामुळे राहवत नाही.

चौथ्या प्रश्नातल्या (२) ला माझा पाठिंबा आहे, पण 'केवळ' या शब्दाशी जरा थांबा. न्यायालयाने 'केवळ दुसऱ्याच्या कष्टातून' म्हटलं. मग एखाद्या योजनेने ग्राहकाला नावापुरतं काम दिलं, दोन माणसं आणून दे, महिन्यातून एकदा सभेला ये, तर ती सुटेल का? १९७३ मध्ये तिथल्याच एका अपील न्यायालयापुढे साखळी विक्रीच्या योजनेत हा मुद्दा आला. निर्णय असा की 'केवळ' शब्दशः घ्यायचा नाही. धंदा ज्यावर तरतो वा बुडतो ते महत्त्वाचं काम कोणाचं, हे बघायचं.

आता आपल्याकडे. सेबी म्हणजे आपल्याकडची रोखे बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था. सेबी कायदा १९९२ चा; त्यात कलम ११एए नंतर, १९९९ च्या दुरुस्तीने आलं. 'सामूहिक गुंतवणूक योजना' कशाला म्हणायचं ते त्यात आहे. अटी अशा. लोकांचे पैसे एकत्र करून योजनेसाठी वापरले जातात. लोक ते नफा, उत्पन्न, उपज किंवा मालमत्ता मिळावी म्हणून देतात. मालमत्तेची व्यवस्था त्यांच्या वतीने दुसरा पाहतो. आणि दैनंदिन कारभारावर त्यांचा ताबा नसतो. फ्लोरिडाची बाग डोळ्यांपुढे ठेवून हे वाचा, एकेक अट जागेवर बसते. फरक दोन. आपल्याकडे 'केवळ' नाही, 'दैनंदिन ताबा' आहे, त्यामुळे वरची भानगड बरीच टळते. आणि 'उपज किंवा मालमत्ता' असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे पैशाऐवजी लाकूड किंवा जमिनीचा तुकडा देऊ म्हटलं तरी सुटका नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही या कलमात आहे. योजना 'राबवलेली किंवा देऊ केलेली' असे शब्द आहेत. देऊ केली की पुरे.

---

तळ्यातमळ्यात | मंगळवार, दुपारी ३.१५

कागदीघोडा, मग भिशी, पतसंस्था, म्युच्युअल फंड? त्यातही पैसे एकत्र होतात आणि कारभार दुसराच बघतो.

---

कागदीघोडा | मंगळवार, संध्याकाळी ७.४०

म्हणूनच त्या कलमात वगळलेल्यांची यादी आहे. सहकारी संस्था, चिट फंड कायदा १९८२ खालचा चिट व्यवसाय, विमा करार, भविष्य निर्वाह निधी, वित्त कंपन्यांच्या ठेवी, निधी कंपन्या, म्युच्युअल फंड. वगळल्या म्हणजे मोकळ्या सुटल्या असं नाही. त्यांच्यावर देखरेख ठेवणारा कायदा वेगळा आहे. परीक्षेत नेमका हाच सापळा लावतात : 'सहकारी संस्थेवर या कलमानुसार नियंत्रण आहे / नाही' आणि 'सहकारी संस्थेवर कोणतेच नियंत्रण नाही'. पहिलं कलमावरून ठरतं. दुसरं उताऱ्यात लिहिल्याशिवाय टिक करू नका.

---

भरडधान्य | मंगळवार, रात्री ११.०५

धागा वाचून झोप लागेना म्हणून लिहितोय.

१९९५ च्या आसपास माझ्या मावशीने सागाच्या योजनेत पैसे घातले होते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. ओळखीचाच एजंट घरी आला होता. त्याने दिलेलं प्रमाणपत्र अजून मावशीच्या ट्रंकेत आहे, आणि आज तुमचा उतारा वाचून मी तिला ते काढायला लावलं. जाड पिवळसर कागद, वर सागाचं पान छापलेलं. खाली 'झाडांची संख्या : १०', झाडांचे क्रमांक, आणि गट नंबर. गाव दुसऱ्या जिल्ह्यातलं. तिथे ती कधीच गेली नव्हती.

लहानपणी आम्ही 'मावशीची झाडं' म्हणायचो. आज पहिल्यांदा मागची बाजू वाचली. लाकूड तोडणं, विकणं, दर ठरवणं, सगळं कंपनी करणार. झाडं बघायला जायचं तर आधी लेखी कळवायचं. सातबाऱ्यावर तिचं नाव येणार असं कुठेही नाही. ती शेतकरी नव्हती, त्यामुळे महाराष्ट्रात शेतजमीन तिच्या नावावर करणं तसंही सोपं नव्हतं, हे मला आता कळतंय. तेव्हा घरात कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही 'झाडांची संख्या' एवढंच वाचलं.

पहिली दोन वर्षं 'खत-पाण्याचा अहवाल' म्हणून एक पत्र यायचं. नंतर कार्यालय बंद. पैसे परत मिळाले नाहीत.

---

ओसरी | बुधवार, सकाळी ६.४०

वाचून गलबलून आलं. आमच्या स्टाफरूममध्येही त्या काळात असे कागद फिरायचे. आम्हा शिक्षकांकडे दरमहा पगार यायचा आणि वेळ नसायचा, म्हणून ही माणसं शाळांतून जास्त फिरायची.

---

कागदीघोडा | बुधवार, सकाळी १०.१०

भरडधान्य, तुमच्या मावशींच्या काळाचा क्रम सांगतो, कारण त्यात त्यांची चूक नव्हती हे दिसतं. त्या वर्षांत अशा लागवड योजनांवर कोणाचा नीट अंमलच नव्हता. केंद्र सरकारने नोव्हेंबर १९९७ मध्ये जाहीर केलं की असे वृक्षलागवडीचे रोखे सामूहिक गुंतवणूक योजना मानले जातील आणि ते सेबी बघेल. नियमावली आली ऑक्टोबर १९९९ मध्ये. महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदाही १९९९ चाच. त्यात ठेवीची व्याख्या करताना परतफेड पैशात असो, वस्तूत असो की सेवेच्या रूपात, सगळं धरलंय. मावशींनी पैसे दिले तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं.

'आम्ही तर फक्त शेतजमीन विकतो आणि तिची मशागत करतो' हा हॉवी कंपनीचा बचाव भारतातही झाला. पीजीएफ कंपनीने कलम ११एए लाच आव्हान दिलं होतं. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं, आणि कंपनीची योजना सामूहिक गुंतवणूक योजनाच आहे असं सांगितलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, सेबीने पीएसीएल या कंपनीला सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितलं. तीही जमिनीच्याच नावाने पैसे घेत होती.

---

दूरदेशीचा | बुधवार, रात्री ८.२५ (भारतीय वेळ)

मी ऑर्लँडोजवळ राहतो. उताऱ्यातल्या बागांचं गाव खरंच आहे, नाव हॉवी-इन-द-हिल्स. ज्या विल्यम हॉवीच्या नावावरून ते वसलं तो १९३८ मध्येच वारला, म्हणजे त्याच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी त्याने कधी ऐकली नाही. इथे आता तीच कसोटी आभासी चलनांना लावतात. जुलै २०२३ मध्ये रिपल कंपनीच्या खटल्यात एकाच चलनाची मोठ्या संस्थांना थेट केलेली विक्री गुंतवणूक करार ठरली, आणि बाजारमंचावर अनोळखी ग्राहकांना झालेली विक्री ठरली नाही. चलन तेच, पण विकण्याची तऱ्हा वेगळी. चौथ्या प्रश्नातला (१) का चूक, तेच यातून दिसतं. जमीन किंवा संत्रं ही वस्तू मुळात रोखा नसतेच. ती कोणत्या बोलीवर विकली, त्यावर ठरतं.

---

पाटीपेन्सिल | गुरुवार, सकाळी ७.००

उत्तरं : १-(३), २-(२), ३-(३), ४-(२). तळ्यातमळ्यात यांचे चारही बरोबर.

चौथ्यातल्या (४) वर तीन जणांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवलेत. विक्रीखतं रद्द झाली का? उतारा त्याबद्दल काहीच बोलत नाही. ते खरं आहे की खोटं, हे उताऱ्यावरून ठरवता येत नाही. आणि ठरवता येत नाही म्हणजे ते अनुमान निघत नाही. 'चूक' आणि 'ठरवता येत नाही' हे दोन वेगळे कप्पे आहेत. पर्यायांत 'माहिती अपुरी' असेल तर तिथे दोन्ही मिसळू नका.

आणि भरडधान्य, उताऱ्यातली नकाशावहीची ओळ मी लिहिताना ठेवू की गाळू असा विचार करत होते. कोणत्याच प्रश्नाला ती लागत नाही. तुमच्या गट नंबरानंतर ती ओळ ठेवली याचं बरं वाटलं. पुढच्या वेळी तिच्यावरच प्रश्न काढते.

---

रानजाई | गुरुवार, दुपारी १.२०

परत सोडवला, पेन्सिलीने गोल करून. यावेळी चारही आले, आणि चारही उत्तरांसमोर ओळ लिहिता आली. आमच्या कार्यालयात एक जण 'शेळीपालनात भागीदारी' असं काहीतरी घेऊन आलाय. शेळ्या तो पाळणार, आम्ही फक्त पैसे द्यायचे, दर सहा महिन्यांनी वाटा. त्याला मी आज सेबीच्या नोंदणीचा क्रमांक विचारला. तो म्हणाला, 'ताई, हा शेतीचा धंदा आहे, त्याला सेबी लागत नाही.'

---

कागदीघोडा | गुरुवार, दुपारी १.५०

पैसे देऊ नका. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची यादी आहे, तिथे नाव शोधा. आणि २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याचीही त्याला आठवण करून द्या. कार्यालयातल्या बाकीच्यांना हा धागा वाचायला द्या.

---

भरडधान्य | शुक्रवार, रात्री ९.३०

काल मावशीला उतारा मोठ्याने वाचून दाखवला. तिला आता नीट दिसत नाही. पेपर तपासायची सवय जुनी, त्यामुळे प्रत्येक पर्याय दोनदा वाचायला लावला. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्याला मी (१) वाचून पुढे जायच्या आतच म्हणाली, "थांब. विकायला काढली तिथेच झालं ना. कोणी घेतली आणि कोणी नाही घेतली, ते कशाला मोजायचं?"

मी म्हटलं, (३). चौथ्याला तिने जरा वेळ घेतला. मग (२) सांगितलं, आणि ट्रंकेतला तो पिवळा कागद तुझ्याकडेच ठेव म्हणाली.